सोमवारी मरणारे मासे

पत्र : पुण्यातल्या एका वाचक ताईंनी गणपतीच्या दिवसांत हे पत्र पाठवलं. नाव-गाव वगळून सारांश असा. घरात दोन फुटी फिशटँक आहे. पाच महिन्यांत ११ मासे मेले, आता ओरांडा जातीचे दोन गोल्डफिश उरलेत. ताई दर रविवारी सगळं पाणी काढतात, खडी चोळून धुतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळतात आणि टाकी आरशासारखी करतात. "तरी सोमवार-मंगळवारी कोणी ना कोणी तरंगत असतंच." आता सहाव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतलाय आणि दिवाळीपर्यंत हॉलमध्ये चार फुटी टाकी हवी आहे. दुकानदार एका दिवसात सगळं लावून देणार : टाकी, स्टँड, फिल्टर, लाइट आणि १५ मासे. दहा वर्षांच्या मुलाला ऑस्कर आणि शार्क हवेत. सासूबाईंना वास्तूप्रमाणे आठ सोनेरी आणि एक काळा हवा. मासा मेला की त्या म्हणतात, घरावरचं अरिष्ट घेऊन गेला. यजमानांचं म्हणणं, लहान टाकी जमत नाही तर मोठी कशाला? पाणी महापालिकेचं, उन्हाळ्यात टँकर. "मोठी टाकी घ्यावी की हा नादच सोडावा? इतके जीव गेले, मनाला लागतं."

उत्तर :

सोमवार-मंगळवारचं ते वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सगळं उत्तर त्यात आहे. मासे आठवड्यातल्या कुठल्याही वारी मरत नव्हते. ते रविवारच्या सफाईनंतर मरत होते. तुमच्या हातून हयगय झाली नाही, उलट काळजी जास्त झाली, आणि ती नेमकी चुकीच्या जागी.

मासे पाण्यातच श्वास घेतात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे आरशासारख्या पाण्यातही मासा गुदमरून मरू शकतो. जुन्या, नीट चाललेल्या टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं त्या मानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंजच्या भोकांत, खडीवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. तुम्ही दर रविवारी घासून काढत होतात तो हाच थर, आणि वरून स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धरत होतात. म्हणजे सोमवारी सकाळी मासे तेवढेच, खाद्य तेवढंच, आणि अमोनिया पचवणारं कोणी नाही. शिवाय सगळं पाणी एकदम बदलल्यामुळे तापमान आणि क्षारांचा धक्का वेगळाच.

तेव्हा सासूबाईंना दुखवायचं नसेल तर दुखवू नका, पण मुलासमोर 'अरिष्ट घेऊन गेला' हे वाक्य बोलू देऊ नका. त्याने मासा मरण्याचं कारण शोधणं बंद होतं. ११ मासे गेल्यावरही घरात कोणी पाणी तपासलं नाही, हे त्या समजुतीमुळेही असेल.

आता यजमानांचा मुद्दा. लहान जमत नाही तर मोठी कशाला, हे ऐकायला बरोबर वाटतं आणि निम्मं बरोबर आहेही. तुमच्या दोन फुटी टाकीत खडी वगैरे वजा जाता ४५ लिटर पाणी असेल. चार फुटीत २०० लिटर. चिमूटभर खाद्य जास्त पडलं, एखादा मासा मागच्या दगडाआड मरून राहिला, तर ४५ लिटरमध्ये विष जितकं दाट होईल त्याच्या पाव हिस्सासुद्धा २०० लिटरमध्ये होत नाही. तापमानही हळू चढतं-उतरतं. चूक कळायला आणि सुधारायला वेळ मिळतो, मोठ्या टाकीचा फायदा एवढाच. पण पाणी चौपट म्हणून मासेही चौपट टाकले तर तो फायदा पहिल्याच दिवशी संपला. दुकानदाराच्या पॅकेजमधले १५ मासे हेच करतात. शिवाय 'एका दिवसात सगळं' म्हणजे जिवाणू शून्य असलेल्या पाण्यात १५ मासे. तुमची रविवारची चूक, फक्त मोठ्या मापात.

म्हणून टाकी घ्यावी की नाद सोडावा, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याऐवजी घरात बसून दोन गोष्टी विचारा. पाणी भरलेली, दिवा लागलेली, पण एकही मासा नसलेली टाकी पाच-सहा आठवडे हॉलमध्ये बघायची सगळ्यांची तयारी आहे का? आणि दर आठवड्याला साठ-सत्तर लिटर पाणी बाहेर काढून तेवढंच आत कोण भरणार? दुसऱ्या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर आलं, तर मोठी टाकी घेऊ नका. त्या दोन ओरांडांना आहे त्या टाकीत नीट सांभाळा, त्यात काही कमीपणा नाही. माणूस ठरला असेल तर पुढचं वाचा.

आधी माप. दुकानात '४ बाय दीड बाय २' म्हणतात तेव्हा ते २ फूट बहुतेक वेळा उंचीचे असतात. दिसायला टाकी भव्य, पण पाण्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग तेवढाच, म्हणजे प्राणवायू तेवढाच. तळाशी हात पोचायला स्टूल लागतं आणि काच १२ मिलिमीटरची घ्यावी लागते. तुम्ही ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्या. १० मिलिमीटर काच, वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या. जोड साध्या, बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनचे हवेत. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, ते माशांनाही मारतं. टाकी नव्याने चिकटवून घेतली असेल तर आठवडाभर तशीच वाळू द्या.

सहाव्या मजल्याचं वजन पत्रात नव्हतं, पण ते विचारायलाच हवं. पाणी २०० किलो, काच ५०, वाळू ३०, स्टँड ४५ : सव्वातीनशे किलो. पाच माणसं भिंतीला टेकून उभी राहिल्यासारखं. आपल्याकडे राहत्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या वापराच्या भाराला धरून डिझाइन करतात. तो भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, म्हणून भिंतीलगत, खाली बीम असलेल्या जागी चांगल्या आरसीसी इमारतीत एवढी टाकी सहसा चालून जाते. खोलीच्या मधोमध नको, आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर मुळीच नको. बीम कुठे आहे ते बिल्डरच्या नकाशात दिसतं. सहा फुटी टाकी मात्र टनाच्या आसपास जाते. उद्या मोह झालाच तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

स्टँड दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपचा, वर १९ मिलिमीटर मरीन प्लाय, त्यावर थर्मोकोलची शीट. फरशीला बाथरूमसारखा उतार नसतो असं आपण धरून चालतो, पण असतो. टाकी रिकामी असतानाच लेव्हल तपासा, मग तीन-चार इंच पाणी भरून दोन्ही टोकांना काचेवर पट्टीने उंची मोजा. फरक दिसला तर पाणी काढून स्टँडच्या पायाखाली पत्रा सारा. भरलेल्या टाकीखाली कधीही पाचर ठोकू नका. एक कोपरा उचलला गेला की काच तिथेच पिळते, आणि तडा कधीकधी महिन्याने जातो. नंतर पूर्ण भरून दोन दिवस ठेवा आणि जोडांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. ओल आली तर कागदावर लगेच दिसते.

खिडकीसमोरची जागा टाळा, शेवाळ्याशी कायमचं भांडण होईल. दिवा टायमरवर दिवसाला सहा-सात तास, बस्स. वायर प्लगच्या खालून वळसा घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी वळशाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. मूल टाकीत हात घालणार आहे, त्यामुळे हे ऐच्छिक नाही.

फिल्टर कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा) घ्या किंवा टाकीवर बसणारा मोठा टॉप फिल्टर, पण खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्या की प्रवाह बराच कमी होतो. छोट्या माशांच्या टाकीला तासाला पाण्याच्या पाचपट, म्हणजे हजार लिटरचा फिल्टर चालतो. गोल्ड ठेवणार असाल तर १६०० ते २००० लिटरचा लागेल, कारण गोल्डफिश म्हणजे खाणं आणि हगणं एवढीच दोन कामं करणारा जीव. शिवाय ५ वॅटचा एक एअर पंप आणि त्यावर स्पंज फिल्टर. तो इन्व्हर्टरवर जोडा. वीज गेली की कॅनिस्टरमधलं कोंडलेलं पाणी काही तासांत प्राणवायूविना नासतं आणि त्यातले जिवाणू मरतात. वीज आल्यावर तो काढा सगळा टाकीत ओतला जातो. चार-पाच तास वीज नसेल तर फिल्टर सुरू करण्याआधी उघडून आतलं पाणी फेका. या सगळ्याचं बिल महिन्याला साधारण ३० युनिट येतं.

तळाला गोल्डसाठी बारीक, धुतलेली वाळू पुरे, इंच-दीड इंच. वाटाण्याएवढी खडी नको. ते तोंडात धरून चघळतात आणि कधीकधी खडा घशात अडकतो. रंगीत खडी, संगमरवराचे तुकडे, कोकणातून हौसेने आणलेले शंखशिंपले पाण्याचा कठीणपणा वाढवत राहतात. दगड ओळखायला व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसला तर नको. आपला काळा कातळ फसफसत नाही, तो बिनधास्त वापरा, फक्त नीट घासून घ्या.

आता ते पाच-सहा आठवडे. गणपती ते दिवाळी जेमतेम आठ आठवडे असतात, त्यामुळे टाकीची ऑर्डर या आठवड्यात गेली तर हिशेब बसतो. पाणी भरा, त्यातलं क्लोरीन घालवा (कसं ते खाली आहे), फिल्टर सुरू करा. जिवाणूंना खायला अमोनिया हवा, पण माशांशिवाय. त्यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याचा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध पावडर मिळते. सव्वा ग्रॅम मोजायला घरात काटा नसतो, म्हणून एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातलं ५० मिली २०० लिटरच्या टाकीत टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम होतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा आणि स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवा.

बाजारात थेंब टाकून रंग बघायचे टेस्ट किट मिळतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते), हे चार घ्या. पट्ट्यांपेक्षा थेंबांवर जास्त भरवसा ठेवता येतो. दर दोन दिवसांनी तपासणी आणि वहीत नोंद. हे काम मुलाला द्या. परीक्षानळीतला पिवळा रंग हिरवा होताना बघणं दहा वर्षांच्या मुलाला ऑस्करइतकंच आवडतं. सुरुवातीला काहीच हलणार नाही. साधारण दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा ५० मिली. तिसरा-चौथा आठवडा नायट्राइट वरच अडकून राहतं, आणि लोक इथेच धीर सोडतात. मग एके दिवशी ते पडतं. सकाळी ५० मिली टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं, की टाकी तयार. तोवर नायट्रेट खूप साठलेलं असतं, म्हणून तीन चतुर्थांश पाणी बदलायचं, आणि मगच मासे.

या काळात आरओचं पाणी वापरण्याचा मोह होईल, 'शुद्ध' म्हणून. नको. जिवाणूंना आणि पीएच स्थिर राहायला पाण्यात कार्बोनेट लागतात, आणि आरओ तीच काढून टाकतो. त्या पाण्यात पीएच कोसळतो आणि जिवाणूंचं काम थांबतं. आरओचा टाकीतला खरा उपयोग एकच : उन्हाळ्यात उडून गेलेल्या पाण्याची भर. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागे राहतात, म्हणून भर क्षार नसलेल्या पाण्याची.

दरम्यान जुन्या टाकीतल्या दोन ओरांडांचं रविवारचं स्नान आजपासून बंद. ४५ लिटरमधलं तिसरा हिस्सा पाणी आठवड्यातून दोनदा बदला, खाद्य निम्मं करा. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळा, नळाखाली नाही. पाण्यात क्लोरीन असेल तर अँटीक्लोरीन. सोडियम थायोसल्फेटचे खडे स्वस्त मिळतात. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम विरघळवा, ५० लिटर पाण्याला त्यातलं ५ मिली पुरतं. हा स्पंज हळूहळू तपकिरी होऊ लागेल. त्यांना काही रोग दिसत नसेल तर तो नव्या टाकीच्या पाण्यात पिळा, पाच आठवड्यांचे कदाचित तीन होतील.

आता मासे कोणते. मुलाचा ऑस्कर फूटभर वाढतो, माणूस ओळखतो, हातातून खातो, म्हणून मुलांना आवडतो. तुमच्या टाकीत तो एकटा राहील, तोही जेमतेम, आणि तोंडात मावेल तो प्रत्येक सोबती खाईल. दुकानातला बोटाएवढा 'शार्क' शार्क नाही. तो पंगस, हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तोच. मीटरभर वाढतो. त्याला तळ्यात राहू द्या. काच साफ करायला म्हणून देतात तो सकरही सव्वा फुटाच्या पुढे जातो, आणि मोठा झाला की शेवाळ सोडून बाकी सगळं खातो. असे नकोसे झालेले मासे लोक नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात आज सकर येतात ते त्यामुळेच. दुकानदार परत घेत नसेल तो मासा आणूच नये.

दोन रस्ते उरतात. तुमचं पाणी धरणाचं, बहुतेक मृदू, त्यामुळे चार एंजल, डझनभर रमीनोज टेट्रा आणि तळाला सहा कोरीडोरास, अशी टाकी सुंदर दिसते. तिला हिवाळ्यात २०० वॅटचा हीटर लागेल, पुण्याच्या जानेवारीत पाणी विशीच्या खाली जातं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं तरी चालतं. पण मग ओरांडांचं काय? गोल्डला थंड पाणी मानवतं, एंजलला कोमट, एकत्र ठेवले की दोघांपैकी एकाचे हाल. म्हणून माझं मत दुसऱ्या रस्त्याकडे झुकतं : ही टाकी गोल्डचीच करा. तुमच्या दोघांनी इतक्या हालात तग धरलाय, जागेवर पहिला हक्क त्यांचा. हीटरचा खर्च नाही. सासूबाईंचा आग्रहही बराचसा पुरा होतो, फक्त वास्तूच्या हिशेबात आठ-एक असेल तर २०० लिटरच्या हिशेबात चार-एक. दोन जुने, दोन नवे ओरांडा किंवा र्‍युकिन, आणि एक काळा मूर. लांबट अंगाचे चपळ कॉमेट नकोत, ते मूरच्या तोंडचा घास पळवतात, मूरला दिसतं कमी.

नवे मासे विकत घेताना रंगाआधी एक प्रश्न विचारा : हा लॉट कधी आला? आपल्याकडचे बरेच शोभेचे मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याजवळच्या हावड्याहून पिशव्यांतून येतात. प्रवासाने थकलेला मासा पहिल्या आठवड्यात मरायचा तर दुकानात मरू दे, असं म्हणणं निष्ठुर वाटेल, पण दुसऱ्या आठवड्यात तरलेला, खाताना दिसलेला मासाच घ्या. ओरांडा नव्या टाकीत गेले की जुनी दोन फुटी विकू नका. स्पंज फिल्टरसह ती नव्या माशांचं विलगीकरण केंद्र. प्रत्येक नवा मासा तिथे तीन आठवडे. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो 'व्हाइट स्पॉट'. ठिपक्यात दडलेल्या परजीवीवर औषध चालत नाही, तो सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो, म्हणून ठिपके गेले तरी उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवायचा. लिटरला २ ग्रॅम खडे मीठ, दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून, आणि भरपूर हवा. दुकानातलं निळं औषध मोठ्या टाकीत कधीच नको, ते फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं.

आठवड्याचं काम साधारण पाऊण तासाचं. फिल्टरचा प्लग काढा (हीटर असेल तर तो आधी बंद करा, तापलेली काचनळी पाण्याबाहेर राहिली की तडकते). सायफनने वाळूवरची घाण ओढत साठ-सत्तर लिटर पाणी काढा. बादल्या उचलायच्या नसतील तर पाइप बाथरूमच्या जाळीपर्यंत न्या. पण चार बादल्या तरी कुंड्यांना ठेवा, झाडं त्या पाण्यावर खूश असतात. नवं पाणी आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून ठेवा आणि कूलरच्या छोट्या पंपाने वर चढवा. हाताला दोन्ही पाणी सारखं लागलं पाहिजे. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या पाण्यात पिळून, आणि त्या दिवशी बाकी काही घासायचं नाही.

किती बदलायचं हे वहीच सांगेल. समजा आठवड्याला नायट्रेट १० पीपीएमने वाढतं आणि तुम्ही चौथा हिस्सा पाणी बदलता. काही महिन्यांनी ते बदलण्याआधी ४०, बदलल्यावर ३० असं अडकतं, कितीही नेमाने करा. तिसरा हिस्सा बदललंत तर ३० आणि २०. म्हणून गोल्डला तिसरा हिस्सा. यापेक्षा वर जायला लागलं तर खाद्य कमी करा. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास.

टँकरचं पाणी सुरू झालं की सांभाळा. बोअरचं पाणी कठीण असतं आणि पीएच आठच्या वर असू शकतो. पीएच सातवर जो अमोनिया सोसवतो तोच आठवर जवळपास दहापट विषारी ठरतो. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. टाकीत १५० आणि टँकरमध्ये ७०० दिसलं तर एका दिवसात दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त बदलू नका, रोज थोडं थोडं बदला. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशी ओलांडतं आणि तेव्हाच त्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका.

गावाला जाल तेव्हा वॉचमनला खाद्याचा डबा देऊन जाऊ नका, दयेपोटी तो मूठभर टाकेल. धट्टेकट्टे मोठे मासे आठवडाभर काही न खाता नीट राहतात. जास्त दिवस असतील तर एकेका वेळचं खाद्य पुड्या बांधून ठेवा.

आणि दिवाळीच्या तोंडावर एक खास धोका. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. त्या हवेत रंगाचा वास, पेस्ट कंट्रोल, डास मारायचा स्प्रे, फटाक्यांचा धूर काहीही असू शकतं. डास-झुरळांच्या बहुतेक औषधांतली पायरेथ्रॉइड माशांना फार विषारी असतात. नव्या फ्लॅटचं रंगकाम आणि पेस्ट कंट्रोल टाकी भरण्याआधी उरकून घ्या. डासांच्या लिक्विडचं मशीन दुसऱ्या खोलीत लावा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या बंद ठेवून पंपाची हवा आतल्या खोलीतून घेता येईल एवढी नळी लांब ठेवा.

वही हिरवा कंदील दाखवेल त्या दिवशी आधी दोन ओरांडाच सोडा. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी त्यात कपभर टाकीतलं पाणी घाला, दहा वेळा. मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. त्या दिवशी टाकीचा दिवा लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खायला काही घालू नका.